पावसाळ्याआधी खुंटीला एक पिशवी लावा

पूर हा आपला विषय नाही, असं नगर जिल्ह्यात आपण पिढ्यानपिढ्या धरून चाललो. आपली काळजी टँकरची, चारा छावणीची, विहिरीच्या तळाची. अकोले तालुक्याचा घाटमाथा सोडला तर जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी वर्षाचा पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. एवढ्याशा पावसात घर सोडायची वेळ येईल, हे कुणाच्या मनात येणार?

२०२५ च्या सप्टेंबरनं हा हिशेब खोटा पाडला. उत्तरा आणि हस्ताच्या पावसानं पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत या कायम तहानलेल्या तालुक्यांत ओढे-नाले नद्यांसारखे वाहिले. शेतं मातीसकट खरवडून गेली, दावणीची जनावरं दगावली आणि माणसांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडावं लागलं. पुढच्या पावसाळ्यात हीच वेळ तुमच्या वस्तीवर आली तर काय उचलाल, कशात उचलाल आणि कसं न्याल, एवढ्याचसाठी हे लिहितो आहे.

आपल्याकडे पूर दोन तऱ्हांनी येतो. एक सांगून येणारा. नाशिककडच्या धरणांचं पाणी नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यातून गोदावरीत सुटतं आणि कोपरगाव, पुणतांब्याकडे येतं. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये हा विसर्ग अडीच लाख क्युसेकच्या वर गेला होता. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी, यावरून अंदाज करा. प्रवरेला भंडारदरा-निळवंड्याचं, मुळेला मुळा धरणाचं पाणी येतं. भीमेला पुण्याकडच्या धरणांचं पाणी दौंडवरून येतं आणि श्रीगोंदा-कर्जतच्या काठाला लागतं. या पुराची सूचना काही तास आधी मिळते. जलसंपदा खात्याचे आकडे येतात, दवंडी होते, पोलीस पाटील आणि तलाठी फिरतात. दुसरा पूर ओढ्याचा. वरच्या डोंगरावर ढग फुटल्यासारखा पाऊस होतो आणि अर्ध्या-पाऊण तासात पाणी गोठ्यात शिरतं. त्याची दवंडी होत नाही. शिवाय आपली निम्मी माणसं गावठाणात राहत नाहीत, शेतातल्या वस्त्यांवर राहतात. गावात भोंगा वाजला तरी तो वस्तीवर ऐकू येईलच असं नाही.

म्हणून पिशवी ओढ्याच्या पुराचा विचार करून भरायची. दहा मिनिटं, अंधार, वीज गेलेली, एका कडेवर मूल, दुसऱ्या हातात आजीचा हात. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवलं की काय घ्यायचं आणि काय नाही, यातले निम्मे वाद आपोआप मिटतात.

पहिली गोष्ट, हात मोकळे हवेत. ट्रंक नको, सूटकेस नको, डोक्यावरचं गाठोडंही नको. मुलाचं जुनं दप्तर घ्या. दोन्ही खांद्यांचे पट्टे शाबूत असले, चेन लागत असली की झालं. नवी महागडी बॅग आणायची काही गरज नाही. वजन किती, तर धडधाकट माणसाला सात-आठ किलोपर्यंत, म्हाताऱ्याला किंवा दहा-बारा वर्षांच्या पोराला तीन किलोच्या वर नको. भरलेलं दप्तर पाठीवर घेऊन घर ते रस्ता एकदा खरंच चालून पाहा, तेही शेताच्या चिखलातून. धाप लागली तर दोन वस्तू काढा.

दिंडीत चाललेल्या माणसाकडून इथे शिकण्यासारखं आहे. निवृत्तिनाथांची पालखी दरवर्षी आपल्याच जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. दिंडीचा शिधा, भांडी, तंबू ट्रकमध्ये असतात. वारकऱ्याच्या खांद्यावर फक्त दिवसभरात लागणारं. ट्रक मागं राहिला तरी त्याचं अडत नाही. पुरासाठीही अशीच दोन भागांत विभागणी करा. एक अंगावरचं, म्हणजे पाठीवरचं दप्तर. दुसरं गाडीवरचं, म्हणजे एक गोणी किंवा झाकणाचा पिंप, ज्यात पांघरुणं, मोठी ताडपत्री, पातेलं, पीठ-तांदूळ, पाण्याचा कॅन. ट्रॅक्टर किंवा टेम्पो मिळाला तर गोणी चढेल, नाही मिळाला तर तिच्याकडे वळूनही बघायचं नाही. ज्याच्यावाचून दोन दिवस निघणार नाहीत ते गोणीत जाता कामा नये. आणि ट्रॉलीत बसलात तरी दप्तर पाठीवरून काढून सामानात टाकू नका.

आता कागद. आपल्याकडे घरातले सगळे कागद पलंगाखालच्या लोखंडी पेटीत असतात. पाणी घरात शिरलं की सर्वांत आधी तिथंच पोचतं, आणि भरलेली पेटी एकट्याला उचलत नाही. पूर ओसरल्यावर पंचनामा होतो, तेव्हा आधार, बँकेचं पासबुक, रेशनकार्ड, सातबारा यांचीच विचारणा होते. सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून पुन्हा निघेल, खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकांकडे मिळेल. पण शाळा सोडल्याचे दाखले, जातीचे दाखले, आजोबांच्या काळातले मोडी किंवा हस्तलिखित पुरावे, दवाखान्याच्या जुन्या फायली हे परत गोळा करताना किती चपला झिजतात ते ज्यानं केलंय त्याला विचारा. हे कागद आजच पेटीतून वेगळे काढा. जुने कागद लॅमिनेट करू नका, त्या उष्णतेनं ते खराब होतात. रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची प्लास्टिकची बरणी घ्या, स्वच्छ धुऊन उन्हात कोरडी करा आणि कागद सैल गुंडाळी करून आत ठेवा. मात्र आधी तिची परीक्षा घ्या. वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा आत टाकून झाकण लावा आणि बरणी तासभर पाण्याच्या बादलीत दाबून ठेवा. कागद कोरडा निघाला तर बरणी पास. सगळ्या कागदांचे फोटो मोबाईलमध्ये काढा आणि तेच फोटो पुण्या-मुंबईतल्या एखाद्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. आधार आणि वाहन परवाना डिजिलॉकरमध्ये ठेवता येतात, तेही ठेवा. घराचे, गोठ्याचे, विहिरीवरच्या मोटारीचे, जनावरांच्या कानातल्या बारा आकडी बिल्ल्यांचे फोटो पावसाळ्याच्या तोंडावर काढून ठेवा. दगावलेलं जनावर आपलंच होतं हे दाखवायला तो बिल्ल्याचा क्रमांक लागतो.

औषधांच्या बाबतीत आपण फार बेफिकीर असतो. बीपीची, साखरेची, फिटची, दम्याची गोळी चार दिवस चुकली तर पुरातून वाचलेलं माणूस छावणीत आडवं पडतं. रोज लागणाऱ्या औषधांचा सात दिवसांचा साठा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स दप्तरात हवीच. सात दिवस झाले की जुन्या गोळ्या वापरात घ्यायच्या, त्यांच्या जागी नव्या ठेवायच्या, म्हणजे मुदत उलटत नाही. इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं, ते आधीपासून दप्तरात ठेवता येणार नाही. त्यासाठी दप्तराच्या पट्ट्याला एक चिठ्ठी पिनेनं लावा, ‘निघताना घ्यायचं’ म्हणून: इन्सुलिन, मोबाईल, चार्जर, चष्मा, दातांची कवळी, कानाचं यंत्र. घाईत माणूस रोजच्या वापरातलीच वस्तू विसरतो. इन्सुलिनची बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घालून भोवती ओलं फडकं गुंडाळा. बर्फाला मात्र ती टेकू देऊ नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. ओआरएसची पाकिटं, मलमपट्टी, तापाच्या गोळ्या, बायकांसाठी पॅड किंवा स्वच्छ कापड, तान्ह्या मुलाचे लंगोट हेही यातच.

पाणी सगळ्यांत जड. एका माणसाला पिण्यासाठी दिवसाला तीन लिटर धरलं तर चौघांचं बारा किलो झालं, ते एकाच्या पाठीवर टाकणं शक्य नाही. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर एक-एक लिटरची बाटली आणि उरलेलं गाडीवरच्या कॅनमध्ये. पूर आला की विहिरी आणि हातपंप गढूळ होतात, तेव्हा आशाताईंकडून पाणी शुद्ध करायचं मेडिक्लोर आधीच मागून ठेवा आणि बाटलीवर लिहिल्याप्रमाणे वापरा. खाण्याला गूळ-शेंगदाणे, फुटाणे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू पुरेत. चूल लागत नाही, भांडं लागत नाही. शेंगदाणे मात्र दमट हवेत खवट होतात, दर महिन्याला बदला. दवंडी होऊन निघायला दोन तास मिळाले तर दुधात मळलेल्या दशम्या करून घ्या, त्या भाकरीपेक्षा जास्त टिकतात.

त्याशिवाय टॉर्च, सेल वेगळे काढून ठेवलेले. चार्ज केलेली पॉवर बँक. एक शिट्टी, कारण अंधारात आणि पावसाच्या आवाजात हाक पोचत नाही. दहा-वीस-पन्नासच्या नोटा हजार-दोन हजारांच्या, कारण टॉवर बंद पडला की फोनवरून पैसे देता येत नाहीत. आणि कागदावर शाईनं लिहिलेले दहा नंबर. त्यात ११२, रुग्णवाहिकेचा १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हे आधी लिहा. लहान मुलांच्या खिशात त्यांचं नाव, गाव आणि एका नातेवाइकाचा नंबर असलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून ठेवा.

भरताना जड वस्तू पाठीला लागून आणि मध्यावर ठेवायच्या. तळाशी ठेवल्या की दप्तर मागं ओढतं, चिखलात तोल जातो. बरणी मधोमध, कपडे भोवती, टॉर्च आणि घोंगडी किंवा रेनकोट अगदी वर. सगळं आधी एका मोठ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी दप्तरात, म्हणजे बाहेरून भिजलं तरी आत कोरडं राहतं. छातीवर पट्टे आवळायला दोरी बांधलीत तर ती ओढताच सुटेल अशी गाठ मारा, निरगाठ नको. पाय घसरून पाण्यात पडलात तर दप्तर क्षणात सोडून देता आलं पाहिजे.

मोटारसायकलवर दप्तर मागच्याच्या पाठीवर असावं. एकटे असाल तर स्वतःच्या पाठीवर घ्या, हँडलला लटकवू नका, वळताना गाडी जाते. पण मोटारसायकलवरून निघणाऱ्यांना मला कळकळीनं सांगायचंय ते वेगळंच आहे. आपल्याकडची कितीतरी माणसं घरातल्या पाण्यानं नाही, पुलावरच्या पाण्यानं जातात. नगर शहरातला कल्याण रस्त्यावरचा सीनेचा पूल असो की तुमच्या शिवारातला फरशी पूल, त्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा. वेगानं वाहणारं वीतभर पाणी उभ्या माणसाचे पाय उचलतं, दोन फूट पाणी चारचाकी वाहून नेतं. पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेला, तेही वरून कळत नाही. ओढा भरायच्या आत निघता आलं नाही, तर ओढा ओलांडू नका, अलीकडच्याच उंच जागेवर राहा. वस्तीवरून उंचावर जाणारी, ओढा न ओलांडणारी वाट कोणती, हे कोरड्या दिवसांत चालून ठरवा.

जनावरांचं आधी सांगायला हवं होतं, कारण तेच माणसाला मागं ओढतं. दावणीला बांधलेलं जनावर पाणी वाढलं की जागेवरच बुडतं. मोकळं सुटलेलं बहुतेकदा स्वतःहून उंचवट्याकडे जातं. भिजलेल्या दाव्याची गाठ अंधारात सुटत नाही. म्हणून गोठ्यात, हाताला येईल अशा जागी एक धारदार विळा कायम खोचून ठेवा. निघताना दावी कापा, गोठ्याचं दार उघडं ठेवा, घरातला मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करा. एकदा बाहेर पडल्यावर राहिलेल्या वस्तूसाठी कुणीही परत जायचं नाही, हे घरातल्या प्रत्येकाकडून कबूल करून घ्या.

दप्तर माळ्यावर टाकू नका, कपाटात कोंबू नका. दाराशेजारी छातीच्या वर खुंटी ठोका आणि तिथं लावा, म्हणजे अंधारातही हात थेट तिथंच जाईल. मृग लागायच्या आत एकदा आणि पोळ्याला एकदा ते उघडून बघा. पोळ्याची तपासणी टाळू नका. आपल्याकडचा २०२५ चा पूर पोळ्यानंतरच आला होता.

एक विनंती तरुणांना. तुमच्या गावात, वाडीवर अशी कितीतरी घरं आहेत जिथं मुलं चाकणला, पुण्याला कामाला आहेत आणि मागं फक्त आई-वडील राहतात. त्यांना बरणी शोधणं, कागदांचे फोटो काढणं, औषधांची यादी करणं जमणार नाही. या मृगाच्या आधी एक रविवार काढा, अशा प्रत्येक घरी जा, त्यांच्याबरोबर बसून दप्तर भरा, खुंटी ठोका. पाण्याची बातमी आली तर त्या घरी कोण जाणार, त्याचं नाव आणि नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दारामागं चिकटवूनच परत या.