स्वल्पविरामाचा बिंदू

पाण्याच्या तपासणीचा दाखला हाती आला आणि जिवाणूंच्या रकान्यात शून्य मांडलेले दिसले, की आपण निर्धास्त होतो. परंतु ते शून्य कोणत्या कसोटीवर मांडले गेले, याची चौकशी आपण क्वचितच करतो. ती कसोटी रॉबर्ट कॉखच्या काळापासून चालत आलेली आहे: आगरच्या थरावर नमुना पसरावा, उबेत ठेवावा, आणि ज्यांनी वंशवृद्धी करून डोळ्यांना दिसेल अशी वसाहत वसवली, तेवढ्यांचीच जिवंतांच्या खानेसुमारीत नोंद घ्यावी. या पद्धतीचे उपकार थोर आहेत. तथापि ज्याला प्रजा नाही तो मृत, असा निवाडा ती न बोलता देऊन टाकते.

या निवाड्याला १९८२ साली मेरिलँड विद्यापीठातील रीटा कोलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हरकत घेतली. पटकीच्या ज्या जिवाणूचा स्वल्पविरामासारखा बाक कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्यात पाहिला, तोच जिवाणू थंड व पोषणहीन पाण्यात आकसून बिंदूएवढा गोल होतो आणि आगरवर उगवेनासा होतो, तरी त्याचे प्राण शाबूत असतात.

त्याच्या जिवंतपणाची साक्ष काढण्याची युक्ती जपानी संशोधक काझुहिरो कोगुरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्येच सांगितली होती. नमुन्यात यीस्टचा किंचित अर्क आणि नॅलिडिक्सिक आम्ल घालून तो ६ तास ठेवावयाचा; अर्क अन्न पुरवतो, आम्ल डीएनएची नक्कल रोखते, आणि म्हणून जी पेशी जिवंत असेल ती अन्न घेऊन वाढते खरी, पण दुभंगता न आल्यामुळे लांबच लांब होत जाते, तर मेलेली होती तेवढीच राहते. येथे आकार हाच कृतीचा दस्तऐवज ठरतो. टेट्राझोलियम क्षार वापरणारी दुसरी पद्धत श्वसनाची झडती घेते: श्वसन करणाऱ्या पेशीत त्या क्षाराचे लाल चकाकणारे कण बनतात.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. अशा न उगवणाऱ्या पेशी स्वेच्छेने प्राशन केलेल्या माणसांच्या आतड्यातून पुन्हा उगवणारे जिवाणू बाहेर पडले, हे कोलवेल यांच्या गटाने दाखवले आहे. साथ ओसरली म्हणजे मरीआई वेशीबाहेर गेली, पुढे ती परतेल, असे मानणाऱ्या आपल्या खेड्यांना कारण ठाऊक नव्हते, परंतु रोग नाहीसा होत नाही, दबा धरून बसतो, हा अनुभव त्यांनी पिढ्यानपिढ्या जपला होता.

जुनी कसोटी मोडीत काढा, असे माझे म्हणणे नाही. ती स्वस्त आहे, आणि तालुक्याच्या प्रयोगशाळेलाही झेपते. मागणी दोनच गोष्टींची आहे. जेथे पटकी पूर्वी येऊन गेली, तेथील जलसाठ्यांची तपासणी पेशींच्या आकारावरून व कृतीवरूनही व्हावी. आणि जेथे ते शक्य नसेल, तेथे दाखल्यावर ‘जिवाणू नाहीत’ असे न लिहिता ‘जिवाणू उगवले नाहीत’ असे लिहावे. त्या एका क्रियापदाच्या भरवशावर शेकडो घरांतील माणसे पाण्याचा पेला ओठांना लावीत असतात.