वळणावरची गाडी आणि पोलादी दांडा



आरादहून मृत समुद्राकडे उतरताना वळणावळणाला गाडी बाहेरच्या अंगास कलते. हे कलणे आवरण्यासाठी डाव्या व उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडणारा पोलादी दांडा म्हणजे ‘स्वे-बार’. एक बाजू दबली की दांडा पिळला जातो व कलण्यास विरोध करतो.

स्पोर्ट्‌स गाडीच्या हौशी तरुणांस वाटते, दांडा जितका जाड तितका बरा. हा समज घातक होय. ताठरपणा जाडीच्या चौथ्या घातानुसार वाढतो. इतर मापे तीच ठेवून २२ ऐवजी २४ मिलिमीटरचा भरीव दांडा बसविल्यास तो सुमारे ४२ टक्क्यांनी वाढतो! शिवाय दांडा टायरची पकड निर्माण करीत नाही. पुढील व मागील चाकांतील भाराची वाटणी तेवढी बदलतो. पुढचा फार ताठर झाल्यास गाडी वळण्यास कुचराई करते. मागचा झाल्यास तिचा मागील भाग बाहेर फेकला जातो. माझदा एमएक्स-५ सारख्या, मागील चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाडीत हा धोका विशेष. त्यातून उन्हाळाभर साचलेल्या तेल-धुळीवर ‘योरे’चा पहिला पाऊस पडला म्हणजे विचारूच नये.

तेव्हा प्रथम टायर व झिजलेली रबरी बुशे तपासावीत. मग टोकांस अनेक छिद्रे असलेला दांडा घेऊन शेवटच्या, म्हणजे सर्वांत मऊ जोडणीपासून आरंभ करावा. हा बदल परवान्याच्या नियमांत बसतो की नाही, हेही आधी विचारावे.

शब्बाथची तयारी करून घरची माणसे वाट पाहत असतात, हे चालकाने विसरू नये.