तळ्याकाठचा हीट पंप : यंत्राआधी जागा पाहा

महाबळेश्वर, तापोळा, बामणोली भागात पर्यटकांना खोल्या देणाऱ्या घरांपुढे रोजचा प्रश्न म्हणजे अंघोळीचे गरम पाणी. पूर्वी लाकडाचा बंब पेटवला की भागायचे. २००१ साली महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला आणि झाडतोडीवर बंधने आली. पावसाळ्यात सौर बंब नावालाच असतो, गिझरचे बिल झेपत नाही. मग हीट पंपाचा विचार येतोच.

हे यंत्र म्हणजे उलट्या कामाचा फ्रीज. हवेतली उष्णता ओढून ते पाण्याला देते. एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांचे काम होते. दमट हवेचे त्याला वावडे नाही. खरी गोम थंडीत आहे. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलाव, लिंगमळा भागात पहाटे दवबिंदू गोठतात आणि नेमके तेव्हाच पाणी तापवायचे असते. अशा हवेत यंत्राच्या जाळीवर बर्फ धरतो. तो वितळवण्यात वीज जाते आणि पाणी तापायला वेळ लागतो. यावर सोपा उपाय आहे. यंत्र दुपारच्या उन्हात चालवावे आणि पाणी उष्णता धरणाऱ्या टाकीत साठवावे. टाकी जरा मोठी घ्यावी लागते, एवढेच.

आता टिकण्याचे. तळ्याची हवा समुद्रासारखी खारी नसते, त्यामुळे पत्रा तितक्या लवकर खात नाही. पण महिनोन्महिने ओल राहिली की नटबोल्ट, वायरींची टोके आणि आतले कार्ड खराब होते. म्हणून यंत्र ओट्यावर, छपराखाली, पण चहूबाजूंनी मोकळे ठेवावे. बंद खोलीत ठेवले तर स्वतःचीच गार हवा ते परत ओढते. जाळीला गंजरोधक लेप असावा, निथळणाऱ्या पाण्याला वाट असावी.

खाली सांगलीत कृष्णाकाठी प्रश्न निराळा. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले होते. तिथे पूररेषेत अंगणातला ओटा काय कामाचा? यंत्र गच्चीवरच हवे.

कर्ज काढून यंत्र घेणाऱ्याने विक्रेत्याला एकच विचारावे : ऐन जुलैत बिघाड झाला तर घाट चढून कोण येणार, आणि किती दिवसांत? उत्तर लेखी घ्यावे. ते मिळत नसेल, तर स्वस्त यंत्रही महागातच पडेल.