एका केळीची कुळकथा

वसुबारसेच्या दिवशी मंडईतून डझनभर केळी घेऊन घरी आलो. सौ.ने पिशवीत डोकावून नेहमीच्या सुरात विचारले, "अहो, गेल्या खेपेची चांगली होती. तसलीच नाही का मिळाली?"

मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोच आमची कन्या मध्ये पडली. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तेव्हा घरातल्या वादांचा निकाल हल्ली तिच्याकडेच असतो. "आई, तसलीच काय, तीच आहेत ही! सगळा एकाच झाडाचा पसारा. या केळ्यांना आईबाप नसतात."

पुढचे तिने सांगितले ते असे. आपण खातो त्या केळ्यात रुजणारे बी नसते. जुन्या खुंटाच्या बुडाशी मुनवा फुटतो, तो काढून दुसरीकडे लावायचा. हल्ली प्रयोगशाळेत ऊतीपासून रोपे करतात, पण अखेर तीही नक्कलच. जळगावच्या बागेतली ग्रँड नैन आणि मध्य अमेरिकेतली ग्रँड नैन यांच्या रक्तात जवळजवळ काडीचाही फरक नाही.

मी म्हटले, "सोयीचेच आहे की! पत्रिका नको, देणेघेणे नको, कार्यालयाचे भाडे नको."

"हिशेबानेही सोयीचे आहे, बाबा. प्रत्येकीला दोन पिले होतात असे धरा. नराची गरज नसलेल्या मादीच्या दोन्ही पिलांना पुढे पिले होणार. दहाव्या पिढीत एकीच्या १०२४. जिथे नर लागतो, तिथे दोन पिलांतला एक नर, म्हणजे जोडप्यामागे जोडपेच. तरीही बहुतेक प्राणी आणि झाडे हा तोट्याचा व्यवहार करीत आली आहेत. का?"

मला उत्तर येईना. मग तिने माझ्याच धंद्यातला दाखला दिला. "पोथीची नक्कल, त्या नकलेची नक्कल असे चालले तर काय होईल?"

हे मला ठाऊक होते. प्रत्येक लेखनिक आधीच्याच्या चुका तशाच उतरवतो आणि वर आपल्या दोनचार घालतो. मूळ पोथी हरवली, की चुका वाढतच जातात. पण दोन वेगळ्या घराण्यांतल्या पोथ्या शेजारी ठेवल्या, तर एकीची चूक दुसरीवरून सुधारता येते. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली. दोन पोथ्या मिळवून पाहिल्याशिवाय असले काम होत नाही. हर्मन मुलर या शास्त्रज्ञाने १९६४ साली जिवांबद्दल हेच मांडले. आईबापांचे गुण मिसळले, की काही अपत्यांच्या वाट्याला कमी चुका येतात आणि ती तगतात. निव्वळ नकलेत मागे फिरण्याची वाटच नसते.

दुसरे कारण मला आमच्या इमारतीने शिकवले होते. बांधणाऱ्याने सोळाही घरांना एकाच बनावटीची कुलपे बसवली. एकदा माझी किल्ली हरवली आणि शेजाऱ्यांच्या किल्लीने आमचे दार उघडले. मी त्यांचे आभार मानले. रात्री मात्र डोळ्याला डोळा लागला नाही.

केळीचे असेच झाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगाच्या बाजारात 'ग्रो मिशेल' या केळ्याचे राज्य होते. मातीतल्या एका बुरशीला त्याची किल्ली सापडली आणि मध्य अमेरिकेतल्या बागा एकामागून एक वाळल्या. १९६० च्या सुमारास व्यापाऱ्यांना ते सोडून 'कॅव्हेंडिश' कुळातले केळे धरावे लागले, कारण त्याला ती बुरशी बाधत नव्हती. आता त्याच बुरशीच्या नव्या वाणाने हेही कुलूप उघडले आहे. २०१९ मध्ये तो वाण कोलंबियात पोचला. आपल्याकडे बिहारमध्येही तो आढळला आहे. आणि जळगावची ग्रँड नैन याच कॅव्हेंडिश कुळातली! जिथे प्रत्येक पिढी नवे कुलूप घडवते, तिथे रोगाला दर वेळी नवी किल्ली शोधावी लागते.

यांतले कोणते कारण किती मोठे, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. थंड देशांतला पिकावरचा मावा मात्र वाद न घालता दोन्ही रीती सांभाळतो. उन्हाळाभर नराशिवाय भराभर पिले; हिवाळा जवळ आला की नर-मादी जन्मतात आणि त्यांची अंडी थंडी काढतात.

एवढे सांगून कन्या गप्प झाली. माझ्या टेबलावर तीन आठवडे एक अर्ज पडून होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. वनस्पतिरोगशास्त्राच्या एम.एस्सी.साठी परगावच्या वसतिगृहाचा अर्ज. तिने मराठी घ्यावे, माझी पुस्तके तिने पुढे वाचावीत, ही माझी इच्छा. खरे सांगायचे तर मला मुलगी नको होती, मुनवा हवा होता! तिचे नाक आईचे, चष्मा माझा, आणि केळीच्या रोगांची ही ओढ आमच्या दोघांच्याही सात पिढ्यांत नाही.

त्या रात्री मी अर्ज पुढे ओढून सही केली आणि तिच्या हाती दिला. तिने तो पाहिला आणि तसाच स्वयंपाकघराकडे नेला.

"आता कुठे?" मी विचारले.

"आईकडे. यावर दोघांच्या सह्या लागतात, बाबा."