तोरण्याचे तेवीस मावळे आणि इतिहासाची वही

पुणे जिल्ह्यातील वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या १२ किल्ल्यांतही राजगड आहे. याचा आनंदच आहे. पण गडाला मान देताना गड चढणाऱ्या आणि राखणाऱ्या माणसाचे काय? भोर-वेल्ह्यातील बहुजनांनी हा प्रश्न आता विचारला पाहिजे.

त्यासाठी राजगडाचा शेजारी तोरणा पाहावा. १७०४ च्या फेब्रुवारीत राजगड घेऊन औरंगजेबाची फौज तोरण्याला भिडली. त्या वर्षांत मोगलांनी बहुतेक किल्ले पैसे चारून घेतले. तोरणा मात्र लढूनच घ्यावा लागला. १० मार्चच्या रात्री अमानुल्लाखानाने दोराच्या शिडीने माणसे वर चढवली. पहिल्यांदा वर पोहोचले ते अवघे २३ जण! त्यांच्या मागून कुमक आली आणि गड पडला. बादशहाने त्याचे नाव ‘फुतुहुलगैब’ ठेवले.

हे २३ जण कोण होते? ते उत्तरेतून आलेले मोगल नव्हते, राजपूतही नव्हते. ते मोगलांच्या चाकरीतले मावळे होते. म्हणजे कड्याखाली मावळा आणि तटावरही मावळा! हा सगळा इतिहास हिंदू विरुद्ध मुसलमान असा रंगवून सांगणाऱ्यांनी या शिडीचा हिशेब द्यावा. सह्याद्रीतली माणसे पोटासाठी आणि वतनासाठी दोन्ही बाजूंना उभी होती. पुढे ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडला शाहू आणि ताराबाई यांच्या फौजा समोरासमोर आल्या, तेव्हा तर यादवी उघडच झाली.

या लढायांतून कोणाला काय मिळाले? खानाचे नाव इतिहासात राहिले. मराठ्यांच्या बाजूने शंकराजी नारायण सचिवांचे राहिले. त्यांच्या घराण्याचे भोर संस्थान १९४८ पर्यंत टिकले. जिवावर उदार होऊन शिडी चढलेल्या २३ जणांचा मात्र नुसता आकडा उरला. आणि गडांच्या घेऱ्यात ऊन-पावसात पहारा करणारे महार, रामोशी, कोळी? त्यांची राखण सर्वांना हवी होती, बरोबरी कोणालाच नको होती. महारवतनाची गुलामगिरी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. ते वतन कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले.

म्हणूनच भीमा कोरेगावच्या स्तंभाचे मोल वेगळे आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या साध्या शिपायांची नावे तिथे दगडात कोरलेली आहेत. त्यातली २२ नावे ‘नाक’ लावलेली, म्हणजे महार सैनिकांची. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी तिथे जाऊन अभिवादन केले. तिथे नावे होती, म्हणून समाजाला आपला इतिहास पुराव्यानिशी सांगता आला.

तालुक्याची पाटी बदलायला एक शासकीय आदेश पुरतो. खरा सन्मान करायचा असेल तर राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी फलक लावा. मावळा म्हणजे कोणकोणत्या जातींची माणसे, गड कोणी राखले, हे त्यावर स्पष्ट लिहा. वारशाच्या नावाने येणाऱ्या पैशात आणि रोजगारात घेऱ्यातल्या वाड्या-वस्त्यांचा वाटा ठरवा. ज्याचे नाव वहीत नाही, त्याचा हक्कही वहीत चढत नाही, हे आपल्याला तीनशे वर्षांनी तरी कळले पाहिजे.