विश्लेषण : ऑलिम्पिकच्या फ्रीस्टाइल शर्यतीत कामणची मुलगी का दिसत नाही?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २८ जुलै २०२४ रोजी महिलांच्या २०० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत भारताची धिनिधी देसिंघू उतरली, तेव्हा ती अवघी १४ वर्षांची होती. २ मिनिटे ०६.९६ सेकंद अशी वेळ नोंदवून ती एकूण २३वी आली. उपांत्य फेरी पहिल्या सोळा जणींनाच मिळते, त्यामुळे तिची स्पर्धा तिथेच संपली. त्याच्या तीनच दिवस आधी, २५ जुलैला, बुडून होणारे मृत्यू रोखण्यासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा जागतिक दिवस होऊन गेला होता. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे, आणि तो वसई तालुक्यातील कामणसारख्या गावातून पाहिला तर चटकन लक्षात येतो.

धिनिधीला पॅरिसचे तिकीट कसे मिळाले?

थेट पात्रतेसाठी या शर्यतीत १ मिनिट ५७.२६ सेकंदांची वेळ आवश्यक होती. ती भारताच्या कुणाकडेच नव्हती. ज्या देशाचा एकही जलतरणपटू थेट पात्र ठरत नाही, त्याला गुणांकनाच्या आधारे एक पुरुष आणि एक महिला पाठवता येते. यालाच ‘युनिव्हर्सॅलिटी’ जागा म्हणतात. छोट्या देशांनाही ऑलिम्पिकच्या पाण्यात उतरता यावे, यासाठी ही सोय आहे. १४० कोटींचा देश या रांगेत उभा राहतो, याचे आपल्याला फारसे काही वाटत नाही, ही खरी अडचण.

फरक किती आहे?

सुवर्णपदक ऑस्ट्रेलियाच्या मॉली ओ’कॅलाहनने १ मिनिट ५३.२७ सेकंदांत जिंकले. वेळेतला फरक साडेतेरा सेकंदांहून थोडा अधिक. कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो. मात्र धिनिधीच्या सरासरी वेगाने हिशेब केला, तर विजेतीचा हात भिंतीला लागतो त्या क्षणी तिचे सुमारे २१ मीटर पोहायचे शिल्लक राहतात. ५० मीटरच्या तलावात हे अंतर निम्म्याला थोडेच कमी. १४ वर्षांच्या मुलीला याचा दोष देण्यात अर्थ नाही. ती तिथवर पोहोचली, हेच विशेष.

फ्रीस्टाइल म्हणजे नियमानुसार कोणत्याही पद्धतीने पोहण्याची मुभा. सगळ्या जणी हात फिरवत ‘क्रॉल’ मारतात, कारण तेच सर्वांत वेगवान. दिसायला सोपे, पण पाण्याला न झगडता त्यावर आडवे पसरायचे, ठरावीक हातांनंतर श्वास घ्यायचा, हे लहानपणीच अंगात मुरावे लागते. पंधराव्या वर्षी हौस म्हणून शिकलेले पोहणे शर्यतीला पुरत नाही.

सगळ्या बेंगळुरूच्याच कशा?

भारताची मुलगी ऑलिम्पिक फ्रीस्टाइलमध्ये पहिल्यांदा उतरली ती १९५२ मध्ये, हेलसिंकीला, आणि ती होती मुंबईची डॉली नझीर. सुरुवात इथून झाली, पण पुढे केंद्र सरकले. २००० पासून या प्रकारात ऑलिम्पिकला गेलेल्या निशा मिलेट (सिडनी), शिखा टंडन (अथेन्स), शिवानी कटारिया (रिओ) आणि धिनिधी या चौघींपैकी शिवानी वगळता बाकी तिघी बेंगळुरूत घडल्या. आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनेही सराव बेंगळुरूतच केला. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्याने कांस्य जिंकले, तेव्हा भारताला या स्पर्धेत जलतरणाचे पदक २४ वर्षांनी मिळाले होते. बेंगळुरूच्या पाण्यात काही निराळे नाही. तिथे क्लब आहेत, प्रशिक्षक टिकून आहेत आणि तलाव घराच्या आवाक्यात आहेत. महाराष्ट्रात १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी पुण्यात बालेवाडीचे संकुल उभे राहिले. मात्र एका शहराबाहेरच्या भव्य संकुलातून राज्यभर पोहण्याची सवय पसरत नाही.

निशा मिलेटची गोष्ट इथे आठवावी अशी आहे. पाचव्या वर्षी ती बुडता बुडता वाचली. पाण्याची धास्ती मनातून जावी म्हणून वडिलांनी तिला चेन्नईत पोहायला घातले. पदकाचा विचार तेव्हा कुणाच्या मनातही नसावा. जीव वाचवण्यासाठी शिकलेल्या पोहण्यातून ऑलिम्पिकपटू तयार झाली.

मग कामणमध्ये काय होते?

कामणला पाण्याची ओळख नाही असे कोण म्हणेल? एका अंगाला तुंगारेश्वरचे डोंगर आणि कामणदुर्ग, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी, पावसाळ्यात ओसंडणारे ओढे, जवळच चिंचोटीचा धबधबा. या धबधब्यावर तरुण बुडाल्याच्या बातम्या पावसाळ्यात पुन्हा पुन्हा येतात. मग मनाई आदेश निघतो, पोलिसांचा बंदोबस्त लागतो. पोहायला शिकवणे मात्र कोणत्याही आदेशात नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख लोक बुडून मरण पावले. शाळकरी वयातच पोहण्याचे आणि पाण्यातील सुरक्षेचे प्राथमिक शिक्षण द्यावे, ही संघटनेची प्रमुख शिफारस आहे. ऑस्ट्रेलियात शाळकरी मुले पोहायला शिकतात ती मुख्यतः याच कारणासाठी. शर्यती नंतर येतात.

आता कामणच्या पाड्यावरची एखादी चपळ मुलगी डोळ्यांसमोर आणा. वसई-विरारमध्ये तलाव आहेत, पण चिंचोटी-कामण-भिवंडी रस्त्यावरचे कंटेनर चुकवत पहाटे तिथे तिला नेणार कोण? ५० मीटरच्या तलावासाठी अंधेरी किंवा दादर गाठायचे, तर कामण रोडवरून सुटणाऱ्या मोजक्या मेमूंपैकी एक पकडून वसई रोड, तिथून लोकल. एकट्या वसई रोड ते दादर प्रवासाचे अंतर चाळीस किलोमीटरच्या पुढे. स्पर्धात्मक सराव पहाटे आणि पुन्हा संध्याकाळी असतो. शाळा कधी करायची, आणि आईबापांनी मजुरी कधी?

पिण्याला पाणी नाही, तलाव कशाला?

हा आक्षेप येणारच, आणि तो फालतू नाही. टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीला तलावाची स्वप्ने दाखवणे चीड आणणारेच. तरीही हिशेब पाहावा. २५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सव्वा मीटरहून थोडा कमी खोल असा शिकवणीचा तलाव साधारण तीन लाख लिटरचा, म्हणजे दहा हजार लिटरचे तीस टँकर. हे पाणी रोज बदलायचे नसते. ते गाळून, शुद्ध करून पुन्हा फिरवले जाते. बाष्पीभवन आणि सफाईत जाते तेवढीच भर घालावी लागते. ऑलिम्पिक आकाराच्या तलावाला याच्या किमान आठपट पाणी लागते. पण उद्घाटनाचा फलक त्यालाच शोभून दिसतो, म्हणून घोषणा नेहमी त्याचीच होते. कामणला असा मोठा तलाव नको आहे. परिसरातील जिल्हा परिषद शाळांना वार वाटून देता येतील, असा उथळ तलाव पुरेसा आहे.

आणि बांधकामाहून अवघड भाग पुढेच आहे. मुली साधारण सहावी-सातवीत पोहणे सोडतात. पोशाखाचा संकोच, मासिक पाळी, कपडे बदलायला आडोसा नसणे, शिकवणारे सगळे पुरुष, अंधार पडल्यावर घरी परतणे अशी कारणे घरोघरी ठाऊक असतात, फक्त निविदेत उतरत नाहीत. महिला प्रशिक्षक, महिला जीवरक्षक, कडी लागणारी खोली आणि शाळेच्या वेळेतच होणारा तास, या चार गोष्टी तलावाच्या मूळ आराखड्यात हव्यात. तलाव झाल्यावर ‘पुढे बघू’ म्हटले, की तिथे संध्याकाळी मुलगेच सूर मारताना दिसतात.