बिल सगळ्या घराचे, सही मात्र एकाची

आपल्या वस्तीत कोणी खासगी दवाखान्यात दाखल झाले की काउंटरवर सही कोण करते? बहुतेक वेळा घरात जो चार इयत्ता जास्त शिकला तो. बारावी झालेली पोरगी, नाहीतर कंपनीत लागलेला धाकटा भाऊ. कागद इंग्रजीत, माणूस स्ट्रेचरवर, वाचायला वेळ कुठला? पुढे बिल लाखावर गेले की थोरले मान खाली घालतात आणि बोट एकाकडेच जाते: सही तू केलीस, तूच बघ.

हे आम्हाला मान्य नाही. आईवडिलांना सांभाळणे हे लेकरांचे कर्तव्यच आहे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी ते सांगितले आहे आणि 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही ते आहे. त्यात औषधोपचार येतो, आणि मुलाइतकीच मुलगीही बांधील आहे. पण हे देणे आईवडिलांचे आहे, दवाखान्याच्या वसुली खात्याचे नव्हे. केवळ नाते आहे म्हणून पुतण्याच्या किंवा जावयाच्या पगारावर दवाखान्याचा हक्क होत नाही. बिलाला बांधील असतो तो उपचार घेणारा आणि पैशाची हमी लिहून देणारा. माणूस वारला तर वारसांकडे मागणी येऊ शकते, पण त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतीच. ज्याच्या मागे भाड्याची खोली आणि पत्र्याची पेटी उरली, त्याच्या हमी न दिलेल्या लेकराने सावकाराचे दार का ठोठवावे?

म्हणून सही करण्याआधी एवढे विचारा: ही उपचाराची संमती आहे की पैशाची हमी? संमतीला क्षणाचाही उशीर नको. हमीच्या कागदावर मात्र एकट्या पोरीला पुढे करू नका. भावंडांनी तिथेच, व्हरांड्यात बसून, कोण किती देणार ते वहीत लिहून काढावे. नंतर कोणाला आठवत नसते.

"बिल भरा, मग बॉडी न्या" हे अजून ऐकू येते. महाराष्ट्रात 2021 साली नर्सिंग होम नोंदणीचे नियम बदलले. मृतदेह कोणत्याही कारणाने अडवता येत नाही. जिवंत रुग्णाला पैशासाठी कोंडून ठेवणेही बेकायदेशीर आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले आहे. थकलेल्या रकमेसाठी दवाखान्याला दिवाणी कोर्टाचा रस्ता मोकळा आहे.

मुळात बिल एवढे चढू द्यायचेच का? धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. चकाचक काचेची इमारत पाहून बुजू नका, तीही धर्मादाय असू शकते. तिथल्या समाजसेवकाला गाठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला विचारा. पण पहिल्याच दिवशी. डिस्चार्जच्या दिवशी गेलात तर हेलपाटेच पदरी पडतील.

जलदानविधीच्या जेवणासाठी बचत गटाचे कर्ज काढणारी घरे आम्ही पाहतो, आणि त्याच घरात तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला नसतो. विहार समितीने येत्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास यालाच द्यावा. कोणाच्या दाखल्याची मुदत संपली, कोणाच्या रेशनकार्डात म्हातारीचे नाव नाही, ते घरोघर विचारून लिहून घ्यावे.